रिपोर्टात लोटा नाही

अन्याय झाला तो आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमवर. गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, जेवणाची सुट्टी संपून पुढचा तास सुरू व्हायच्या आधी. सकाळी आजूबाजूची गावं 'घेऊन जा गे मारबत' म्हणत इडापिडा वेशीबाहेर टाकून आली होती, आणि दुपारी आमच्या कॉलेजनं मॅडमना गेटाबाहेर टाकलं. हातात एक कागद दिला. 'अनुपयुक्त कॉलम का चयन' असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे मॅडमनी चुकीचा कॉलम निवडला.

मॅडमनी! चुकीचा कॉलम!

मध्य प्रदेशाच्या या टोकाला, बालाघाटात, कोणी चुकीची बस पकडेल, चुकीच्या माणसाला मत देईल, पण कॉलम निवडण्यात मॅडम चुकल्या हे ज्यानं लिहिलं त्यानं मॅडमना पाच मिनिटंसुद्धा ऐकलेलं नाही. म्हणून आधी मॅडम सांगते, मागणी शेवटी. आमच्या वार्डातल्या विहाराच्या ओसरीवर मी पत्रकं लिहायला शिकले, तेव्हाचा हाच नियम आहे: अक्षर मोठं, वाक्य छोटं, मागणी शेवटी.

मॅडम किरनापूरकडच्या एका गावातून रोज बसनं यायच्या. घर धानाच्या शेतकऱ्यांचं. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बाकीच्या बायका डोक्यावर काळा चष्मा सरकवतात तसा लॅबचा गॉगल डोक्यावर सरकवलेला. तो बसमध्येही तसाच. शिकवायच्या हिंदीत, रागवायच्या मराठीत. त्यामुळे हिंदी ऐकू आली की वही उघडायची आणि मराठी ऐकू आली की मान खाली घालायची, हे वर्गातल्या मराठी न येणाऱ्या पोरांनाही पहिल्या आठवड्यात कळायचं.

पर्समध्ये कंगवा नसेल, पण पीएच कागदाची गुंडाळी हमखास. आंबटपणा मोजायचा हा कागद. पाण्यात बुडवला की रंग बदलतो. बस स्टँडजवळ गुपचुपचा ठेला आहे. गुपचुप म्हणजे मुंबई-पुण्याची पाणीपुरी. मॅडम ठेल्यावर आल्या की आधी मडक्यात कागद बुडवायच्या. भैया पहिल्या दिवशी घाबरला.

"मैडम, साफ पानी है. आरओ का."

"साफ का किसने पूछा? खट्टा कितना है, वो देख रही हूँ." कागद उजेडात धरला, डोळे बारीक केले. "तीन. मस्त. लगाओ."

पुढं तो भैयाच गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "कॉलेज से टेस्टेड है. तीन नंबर पानी."

या कागदातूनच मॅडमचा एक प्रश्न निघाला होता आणि तो त्या कोणालाही, कशावरही विचारायच्या. कोणी म्हणालं की अमका माणूस चांगला आहे, अमका बेकार आहे, की लगेच, "कोणत्या पीएचले?"

माझी मैत्रीण शुभांगी एकदा लाजत लाजत मोबाइलवर फोटो दाखवायला आली. "मॅडम, पोरगा पाहून गेला. चांगला आहे."

"कोणत्या पीएचले?"

"म्हंजे?"

"म्हंजे पोह्याच्या प्लेटीसमोर चांगला आहे, का रोजच्यालेबी चांगला आहे? बाबाले पाठव त्याच्या घरी. न सांगता. भरदुपारी."

शुभांगीचे बाबा खरंच गेले. पोरगा हातपंपावर बसून आईची भांडी घासत होता, आणि पाहुणे पाहूनही उठला नाही. म्हणाला, कढई राहिली आहे, बसा. लग्न झालं. लग्नात मॅडमनी कढीत कागद बुडवला तो वेगळाच किस्सा.

पण हा प्रश्न नुसता चावटपणा नव्हता. प्रथिनाचा रेणू खरंच तसा असतो. आंबट पाण्यात त्याच्यावर प्लस भार, साबणासारख्या पाण्यात मायनस, आणि मधे एक जागा अशी की तो ना प्लस ना मायनस. त्या जागेला पुस्तकात मोठं नाव आहे. मॅडम म्हणायच्या, "हा मतदानाच्या आदल्या दिवशीचा माणूस. काही सांगता येत नाही."

आणि कॉलम म्हणजे काय, तेही सांगून टाकते, कारण मॅडमच्या त्या कागदावर ज्यांनी सह्या केल्या त्यांनाही ते ठाऊक नसावं. कॉलम म्हणजे काचेची उभी नळी. आत साबुदाण्याच्या पार बारक्या भावंडांसारखे मणी ठासून भरलेले. मण्यांवर भार असतो. वरून मिश्रण सोडायचं. ज्या रेणूंचा भार मण्यांच्या उलट, ते चिकटतात, बाकीचे खाली निघून जातात. मग वरून मिठाचं पाणी सोडायचं, आधी कमी खारं, मग जास्त. मीठ मण्यांवरच्या जागा बळकावतं आणि चिकटलेले रेणू एकेक करून सुटतात. ज्याची पकड सैल तो आधी, घट्ट तो शेवटी. झाले वेगळे.

यात दरवर्षी एकाच जागी अख्खा वर्ग पालथा पडायचा. मण्यांवर मायनस भार असलेल्या कॉलमला कॅटायन एक्सचेंजर म्हणतात, आणि कॅटायन स्वतः असतो प्लस.

"मॅडम, मंग कॅटायन कॉलम प्लस असन ना?" मीच विचारलं होतं.

"काहून? चोर पकडणारा शिपाई चोर असते काय?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "भरोसा नाही, मॅडम."

वर्ग हसला. सगळ्यात जास्त वेळ मॅडम हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुमच्या ठाण्याचं मले माहीत नाही, बाप्पा. मी कॉलमचं सांगून राह्यली."

स्ट्राँग आणि वीक कॉलमांवर तर त्या तास-तास बोलायच्या. स्ट्राँग म्हणजे पकड घट्ट, असं आम्ही समजायचो. मॅडमना हे अजिबात खपायचं नाही. स्ट्राँगचा भार कुठल्याही पाण्यात कायम राहतो. वीकचा पाणी बदललं की कमी-जास्त होतो. एवढंच. त्यात कमीपणा नाही. "काही लोकं मय्यतीतबी भाषण देतात अन् बारशातबी भाषण देतात," असं म्हणून त्या माझ्याकडे बघायच्या. "ते स्ट्राँग. कामाचे असतात. पण सगळ्या कामाचे नसतात."

माझा पत्रकांचा धंदा त्यांना ठाऊक होता. मला त्या 'पत्रकवाली'च म्हणायच्या. एकदा मी तावातावानं एक पत्रक लिहून त्यांना दाखवलं. पिण्याचं पाणी, बसचा पास, लायब्ररीची वेळ, स्कॉलरशिप, मुलींचा संडास, खेळाचं मैदान, सगळ्याच्या मागण्या. पान गच्च भरलेलं, शेवटी तीन उद्गारचिन्हं.

मॅडमनी गॉगल डोळ्यांवर ओढला आणि वाचलं. "हे पत्रक आहे का भाजीचा रस्सा?"

"सगळ्या मागण्या खऱ्या आहेत, मॅडम."

"खोट्या कोण म्हणते? पण सगळ्या एकदम सोडल्या तं प्राचार्य कोणती धरन? एकही धरत नाही, पूर्ण वाहून जाते. एक धर. ती सुटली की दुसरी."

मी भडकले. "अन्याय काय एक-एक करून होते काय, मॅडम?"

"नाही. पण न्याय तसाच होते, पोरी. मी काय करू?"

मी रागारागानं घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी एका ओळीचं पत्रक काढलं: मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी लावा. बाकी काही नाही. वाचून सगळे हसले, पण विसरता कोणालाच येईना. प्राचार्य दिसले की पोरी नुसत्या हातानं कडी लावल्याची खूण करायच्या. सुतार आला. कडी लागली. मग पाणी धरलं.

मॅडमचा खरा जीव अंड्यात होता. अंड्याच्या पांढऱ्यात लाइसोझाइम नावाचं एक प्रथिन असतं. जंतू मारतं, आपल्या आसवांतही असतं. ते बाकीच्या प्रथिनांतून वेगळं काढायचं, हा त्यांचा लाडका प्रयोग. अडचण एवढीच की प्राचार्य रीवाकडचे, कट्टर शाकाहारी. म्हणून मॅडम डब्यात पोळीच्या फडक्याखाली अंडी घेऊन यायच्या. एकदा पकडल्या गेल्या.

"ये अंडा है, मैडम?"

"सैंपल है, सर."

"दिखता तो अंडा है."

"दिखने पर मत जाइए, सर. चार्ज पर जाइए."

आणि मग आमच्याकडे वळून कॉलम निवडायचा धडा. पहिला प्रश्न कॉलमचा नाहीच. "आधी विचार, पकडायचं कोणाले? मंग विचार, तो कोणत्या पाण्यात प्लस राह्यते. मंग त्या पाण्यात बाकीचे काय करून राह्यले ते पाह्य. कॉलमची बारी सगळ्यात शेवटी." अंड्याचं पाणी पीएच आठाच्या आसपास ठेवलं, तर बाकीची गर्दी मायनस आणि आपला लाइसोझाइम एकटा प्लस. म्हणून मायनस मण्यांचा कॉलम, कॅटायन एक्सचेंजर. गर्दी खाली जाते, आपला माणूस राहतो. उलटा कॉलम घेतला तर सगळी गर्दीच आत येऊन बसेल आणि जागा पुरणार नाही. हे मला आजही झोपेतून उठवून विचारा.

म्हणून खरेदीची बैठक मी विसरत नाही. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मला दाराजवळ स्टूल दिलं होतं. कॉलेजला एक चांगला मोठा कॉलम घ्यायची मंजुरी आली होती, आणि प्राचार्यांचा निर्णय आधीच झालेला, तोही उलट्या, म्हणजे ऐनायन कॉलमचा.

"बगल के कॉलेज ने ऐनायन वाला लिया है. हम भी वही लेंगे. ऑडिट में सवाल नहीं उठता."

"सर, पकड़ना किसको है?" मॅडमनी विचारलं.

"पकड़ना किसी को नहीं है, मैडम. ख़रीदना है."

मॅडम मराठीत गेल्या. काय काय म्हणाल्या ते लिहीत नाही. प्राचार्यांना मराठी कळत नाही, पण ते पाणी पिऊ लागले. मग मॅडमनी डबा उघडला, एक अंडं काढलं आणि मंजुरीच्या कागदांच्या मधोमध ठेवलं. ते हळूच लवंडलं आणि प्राचार्यांच्या दिशेनं घरंगळायला लागलं. प्राचार्य खुर्चीसकट मागे.

"जब तक सही कॉलम नहीं लिखेंगे, सैंपल यहीं रहेगा."

कॅटायन लिहिलं गेलं. म्हणजे बघा: जो कॉलम 'अनुपयुक्त' म्हणून मॅडमच्या माथी मारला, त्याच्यासाठी त्या एका अंड्याच्या जोरावर अख्ख्या समितीशी लढल्या होत्या, आणि बरोबर लढल्या होत्या. आता तो मेला कसा, ते ऐका.

उद्घाटन ठेवलं श्रावणातल्या सोमवारी. पाहुणे वारासिवनीकडचे राइस मिलवाले. कॉलेजचे पंखे त्यांनीच दिलेले. अंड्याला अर्थातच बंदी. मॅडमनी तोडगा काढला: मिठाईवाल्याचा पिवळा रंग आणि लॅबमधला निळा रंग एकत्र केला, हिरवं पाणी झालं. पिवळा मायनस, निळा प्लस. कॉलम उभा, त्याच्यावर स्टँडला टांगलेली पाण्याची बाटली, थेंब थेंब खाली. हिरवं पाणी आत सोडलं. निळं वरच अडकलं आणि खालून स्वच्छ पिवळे थेंब पडायला लागले. अख्खं सभागृह "अरे वा" म्हणालं. पाहुण्यांनी स्वतः टाळी वाजवली. मॅडमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पोरगी पहिली आल्यासारखा.

पण जरा डोळ्यांसमोर आणा. श्रावण सोमवार. मधे उभी गोलसर काचेची नळी. वर टांगलेलं भांडं. त्यातून थेंब थेंब धार. आमच्याकडच्या माणसाला काय दिसणार? पाहुण्यांनी हात जोडले. त्यांच्या माणसानं पिशवीतून पितळी लोटा काढला. आत वैनगंगेचं पाणी, भर पावसाळ्यातलं, चहाच्या रंगाचं. पाहुणे स्टुलावर चढले आणि लोटा बाटलीत रिकामा केला. वरून हळदकुंकू.

मॅडम ओरडल्या, "सर, नको!" मराठीत. सभागृहात 'हर हर महादेव' झालं, कोणाला ऐकू आलं नाही, मलाही ते मागाहून मॅडमकडूनच कळलं.

नदीच्या पाण्यात चुना असतो, लोह असतं, आमच्या भागातलं मॅंगनीज असतं, सगळे प्लस. ते धावत जाऊन मण्यांवर बसले. किरनापूरच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसे. आणि गाळानं वरची बारीक जाळी बुजली. धार बंद पडली. पाहुणे म्हणाले, जल ग्रहण हो गया.

मॅडम एवढ्यानं हरणाऱ्या नव्हत्या. नाश्ता सुरू असतानाच प्राचार्यांकडे गेल्या. "सर, आज ही धोना पड़ेगा. नमक के पानी से. आधा तो बच जाएगा."

"आज? मैडम, ये अभिषेक का जल है. नाली में बहाएँगे?"

मग कॉलमला झेंडूचा हार घातला आणि खोलीला कुलूप. पुढं सुट्ट्या, मग पुन्हा सुट्ट्या. कुलूप उघडलं तोवर मणी सुकून तडकले होते, आणि वर हिरवी-काळी बुरशी. तेवढ्यात तपासणीवाले आले. त्यांनी कॉलम पाहिला, नाक दाबलं आणि प्राचार्यांना विचारलं, हे काय? प्राचार्य म्हणाले, मॅडमनी निवडलेला कॉलम आहे, चाललाच नाही. तेच लिहिलं गेलं. उद्घाटनाचा अहवाल मी मागून वाचला: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, अल्पोपहार. लोटा नाही.

आमच्याकडे कंत्राटी प्राध्यापकांना 'अतिथि विद्वान' म्हणतात. अतिथीला गेट दाखवायला फार कागद लागत नाहीत. एक पुरला.

मॅडम आता वारासिवनीत एका कोचिंगमध्ये अकरावीच्या पोट्ट्यांना शिकवतात. परवा भेटायला गेले. तिथंही डोक्यावर गॉगल. फळ्यावर मण्यांची चित्रं, कॉलम मात्र नाही. पेनाची रिकामी नळी घेऊन त्यात कापूस कोंबून दाखवत होत्या. मी पत्रकाचा मसुदा नेला होता. पाहुण्यांना मी त्यात जे जे म्हटलं होतं ते इथं छापता येणार नाही.

वाचून म्हणाल्या, "हे काढ. मानूस बेकार नाही तो."

"कोणत्या पीएचले?" मी त्यांचंच त्यांच्यावर फेकलं.

त्या खुदकन हसल्या. "बरी शिकली व तू. अवं, तो नदीले माय मानते. मायचं पाणी आणलं त्यानं. त्याले कोणी सांगतलं होतं काय, का हे पाणी नाही चालत? मले लोट्याचा राग नाही."

"मंग कशाचा आहे?"

डबा बंद करत होत्या, थांबल्या. "एवढ्या लोकांनी लोटा पाह्यला. अन् रिपोर्टात लोटा नाही." मग आवाज खाली गेला. "चुकीचा कॉलम म्हणतात माह्या नावापुढं. चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं, पोरी."

मॅडम पाहुण्यांना माफ करतात. ती त्यांची मर्जी. मी कोणाला माफ करायला बसलेली नाही, पण त्यांचं ऐकून मसुदा फाडला. त्यात पुन्हा पानभर मागण्या होत्या: प्राचार्यांवर कारवाई, अतिथी प्राध्यापकांना कायम करा, तपासणीवाल्यांची तपासणी. सगळ्या खऱ्या. सगळ्या नंतर.

येत्या सोमवारी मॅडमवरच्या या ठपक्याच्या चौकशीचे लोक कॉलेजात येत आहेत. ठपका कायम राहिला तर मॅडमना सरकारी कॉलेजाच्या लॅबमध्ये पुन्हा उभं राहता येणार नाही, असं त्या कागदातच लिहिलं आहे. माझी साक्ष चालणार नाही. मी 'पत्रकवाली' आहे, माझ्यावर तसाही विश्वास नाही. शिवाय खरं सांगायचं तर त्या दिवशी मी मागच्या रांगेत होते आणि लोटा निघाला तेव्हा पुढं तुमचे एवढे हात वर झाले की स्टेज मला दिसेनासंच झालं. लोटा मी पाहिला तो तुमच्या फोनांत. जिकडे बघावं तिकडे छोट्या छोट्या पडद्यांवर तोच लोटा वाकत होता.

म्हणून एकच मागणी, आणि ती प्राचार्यांकडे नाही, तुमच्याकडे. तुम्ही त्या सभागृहात होतात. समोसा खाल्लात, टाळी वाजवलीत, व्हिडिओ काढलात. तो अजून फोनात आहे; लग्नाच्या आणि गणपतीच्या व्हिडिओंच्या मधे कुठंतरी. शोधा. सोमवारी सकाळी कॉलेजच्या गेटावर मी उभी असेन. भाषण नको, घोषणा नको, सहीसुद्धा नको. फोन घेऊन या, आणि चौकशीवाल्यांना लोटा दाखवा.